लॅटिनमधली पड: जमिनीच्या शब्दसूचीच्या कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी

काम असं: केटो, वारो, कोलुमेला आणि थोरला प्लिनी या चार रोमन लेखकांच्या मजकुरातले शेतजमिनीचे शब्द वेचायचे आणि त्यांची मराठी सूची करायची. पिकं, गुरं, द्राक्षमळे, ऑलिव्ह वगळले. फक्त जमीन घेतली: कसलेली, पेरलेली, मोकळी ठेवलेली, सोडून दिलेली. व्हर्जिल कवी असला तरी शेतीवर लिहितो, म्हणून अडल्यावर त्याला विचारायचं ठरवलं.

इंग्रजीमार्गे जायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. तिकडून गेलं की निम्म्या शब्दांसमोर ‘फॅलो’ (पीक न घेता मोकळं ठेवलेलं रान) येतं आणि मराठीत त्याचं सरसकट ‘पडीक’ होतं. पडीक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाभळी उगवलेला तुकडा येतो. रोमन शेतकरी ज्या रानात वर्षभर राबत होता त्याला ते नाव देऊन चालणार नाही.

साधनं: लॅटिनसाठी १८७९चा लुईस आणि शॉर्टचा कोश, जो फुकट मिळतो. मराठीसाठी मोल्सवर्थची १८५७ची दुसरी आवृत्ती. गावरान शब्दांना तिच्याइतकी जागा नंतरच्या फार थोड्या कोशांनी दिली. तक्त्यात रकाने तीनच: लॅटिन शब्द, मराठी शब्द, कुठे सापडला.

१४ फेब्रुवारी

अख्खा आठवडा शोधण्यात गेला. ‘वेर्वाक्तुम’ हा शब्द एका प्रतीत भरपूर सापडतो आणि दुसऱ्या प्रतीत एकदाही नाही. कारण साधं निघालं. काही संपादक ‘व्ही’ छापतात, काही त्याच जागी ‘यू’ छापतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यात जुन्या छापील पानांचा मजकूर ओळखणाऱ्या ओसीआर या संगणकी साधनाने ‘ए’ आणि ‘ई’ जोडून छापलेल्या अक्षराचं भलतंच काही केलेलं.

उपाय: सगळा मजकूर आधी एका साच्यात आणला. ‘व्ही’चा ‘यू’, ‘जे’चा ‘आय’, जोडाक्षरं सुटी. मगच शोध. आणि पूर्ण शब्द शोधायचाच नाही, फक्त मूळ शोधायचं, कारण विभक्तीप्रमाणे शेपूट बदलतं. ‘अर्वुम’ शोधलं तर ‘अर्वा’ आणि ‘अर्विस’ हातून सुटतात. कोणी हे काम करणार असेल तर इथून सुरुवात करा.

२१ फेब्रुवारी

सोप्या शब्दांची पहिली खेप झाली. ‘अगेर’ म्हणजे शेत, आणि राज्याचा प्रदेशसुद्धा. ‘अगेर पुब्लिकुस’ म्हणजे सरकारी जमीन. ऋग्वेदातला ‘अज्र’ याचा सख्खा भाऊ. मराठीपर्यंत तो काही पोचला नाही. ‘प्रातुम’ म्हणजे गवताचं कुरण. केटो जमिनीचे नऊ प्रकार उतरत्या क्रमाने लावतो, त्यात पहिला नंबर द्राक्षमळ्याचा आणि धान्याचं शेत सहावं, कुरणाच्याही खाली. आपल्याकडे ऊसवाल्याने यादी केली असती तर ज्वारीचं रान असंच कुठेतरी खाली गेलं असतं.

वारोची गंमत इथेच नोंदवून ठेवते. ऐंशीव्या वर्षी त्याने शेतीवर पुस्तक लिहायला घेतलं, कारण बायकोने शेत विकत घेतलं होतं. शेताला लॅटिनमध्ये ‘फुन्दुस’ म्हणतात आणि बायकोचं नाव फुन्दानिया. पुस्तकात गप्पा मारणाऱ्यांमध्ये एक अग्रिउस आहे आणि एक अग्रासिउस. म्हाताऱ्याला कोटी आवरत नव्हती.

१ मार्च

आता खरी अडचण. वारो तीन शब्दांची व्याख्या एका वाक्यात देतो. नांगरून पेरलेलं ते ‘सेगेस’. नांगरलेलं पण अजून न पेरलेलं ते ‘अर्वुम’. आणि जिथे आधी पीक होतं आणि दुसऱ्या नांगरटीने अजून नवं केलेलं नाही ते ‘नोवालिस’.

मी उत्साहाने लिहून टाकलं: पेरलेलं रान, नांगरलेलं रान, पड. मग व्हर्जिल काढला. एका कवितेत तो सांगतो की कापणी झालेल्या ‘नोवालेस’ना एक वर्षाआड विसावा द्यावा. इथे पड बसतं. पण गोपगीतांपैकी पहिल्यात जमीन हिसकावली गेलेला शेतकरी रडतो की माझी ही इतकी राखलेली ‘नोवालिआ’ आता कोणी शिपाई घेणार. इथे पड लिहिलं तर शेतकरी ओसाड जागेसाठी गळा काढतोय असं होईल. प्लिनी तिसरंच म्हणतो: एक वर्षाआड पेरतात ते ‘नोवाले’. म्हणजे ज्या वर्षी पीक उभं आहे त्या वर्षीही ते नोवालेच.

एका शब्दाला एक शब्द हा रकाना इथे फुटला. तात्पुरतं ‘नोवालिस’च्या तीन ओळी केल्या.

८ मार्च

वेर्वाक्तुम. प्लिनी सांगतो की वसंतात एकदा नांगरलेल्या रानाला ऋतूवरून हे नाव पडलं, आणि लगेच पुढे जोडतो की नोवालेतही ही नांगरट तितकीच गरजेची. मी प्रत्येक शब्दाला ‘प्रकार’ नावाचा रकाना जोडला होता आणि त्यात एकच पर्याय निवडता येत होता: पेरलेली, नांगरलेली, मोकळी, सोडलेली. एप्रिलमध्ये नांगरलेलं वर्षाआडचं रान त्यात कुठे टाकायचं? ते नोवाले आहे, वेर्वाक्तुम आहे आणि वारोच्या हिशेबाने अर्वुमही आहे. तक्ता तीन वेळा उलथापालथ करून पाहिला. नाही बसलं.

१६ मार्च

मंगळवेढ्याकडे मामांच्या शेतावर गेले. कारण तिथे काळ्या रानात पावसाळाभर काही पेरत नाहीत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात साठलेल्या ओलीवर ज्वारी पेरतात. मला वाटलं, रोमन पडीचा जिवंत नमुना मिळेल.

विचारलं, “मामा, पावसाळ्यात हे रान पड असतं तेव्हा त्याला काय म्हणता?”

“पड कुटलं? रब्बीचं रान हाय ते.”

“पण पीक नसतं ना त्यात?”

“पीक नसतंय, काम असतंय. कुळवाच्या पाळ्या कोन घालतंय मग? तन काडायचं, ओल धरायची. पड ती बघ.” आणि ओढ्यापलीकडच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. त्या भावाभावांच्या वाटणीत अडकलेल्या जमिनीत कित्येक वर्षं कोणी औत घातलेलं नाही.

मामांच्या बोलण्यात रिकामी जमीन आणि पड जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक पिकाचा नाही, कामाचा आहे. परत येताना एसटीतच वहीत नवीन रकाना आखला: ‘या अवस्थेत माणूस काय करतो’.

मामांना कोलुमेलाचा एक सल्लाही वाचून दाखवला. पाणी धरून ठेवणारं सकस रान कधी नांगरावं? ऊन तापायला लागल्यावर, तण सगळं वर आलेलं असावं पण त्याचं बी पिकलेलं नसावं. मामा म्हणाले, “कोन हाय हा? श्यानाय.” कोलुमेला स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिसचा, पहिल्या शतकातला. एवढी ओळख पुरे झाली.

१९ मार्च

मामांचं रान आणि वेर्वाक्तुम एक मानण्याचा मोह झाला होता. आवरला, कारण हवामान उलटं आहे. इटलीत पाऊस शरदात आणि हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. धान्य जून-जुलैत कापलं की रान तसंच ठेवायचं, पुढच्या वसंतात पहिली नांगरट, उन्हाळाभर पुन्हा पुन्हा नांगरायचं आणि शरदात पेरायचं. म्हणजे कापणीपासून पेरणीपर्यंत सव्वा वर्षाहून अधिक. आपलं रब्बीचं रान फार तर सात-आठ महिने मोकळं, आणि त्यातही पावसाळा मधोमध. व्हर्जिल म्हणतो की ज्या रानाने दोनदा ऊन आणि दोनदा थंडी भोगली तेच हावऱ्या शेतकऱ्याचं मागणं पुरवतं. त्या ओळीचा हिशेब आपल्या रब्बीच्या रानावर लागत नाही.

म्हणून वेर्वाक्तुमसमोर ‘रब्बीचं रान’ लिहिलं नाही. ‘पडीची वसंत नांगरट, तशी नांगरलेली जमीन’ असं लांबट लिहिलं. दिसायला वाईट आहे. राहू दे.

आज एक गोष्ट लक्षात आली ती या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली. ‘रेस्तिबिलिस’ म्हणजे दरसाल पेरलं जाणारं रान. वारो त्याला मुद्दाम नोवालिसच्या विरुद्ध ठेवतो, आणि दुसरीकडे सांगतो की ग्रीकांच्या ओलिंथसच्या मुलखात म्हणे दरसाल पेरतात, पण दर तिसऱ्या वर्षी उतारा जास्त येतो. याला मराठी शब्द किती दिवस शोधत होते. नाहीच, आणि असायचं कारणही नाही. आपल्याकडे दरसाल पेरणं हीच रीत, म्हणून नाव पड ठेवलेल्याला मिळालं. रोमनांकडे वर्षाआड पेरणं ही रीत, म्हणून दरसाल पेरलेल्याला वेगळं नाव लागलं. उलट, ‘बेवड’ला, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीत उरलेल्या गुणाला, लॅटिनमध्ये एकच शब्द सापडेना. शेंगावर्गीय पिकानंतर गहू चांगला येतो हे व्हर्जिलला माहीत आहे. ल्युपिन हिरवं असताना शेंग धरायच्या आत गाडावं हे वारोला माहीत आहे, आपण ताग गाडतो तसंच. पण ‘हरभऱ्याचा बेवड’ असं दोन शब्दांत त्यांना म्हणता आलेलं नाही.

२ एप्रिल

तक्ता मोडून नवा केला. आता उभ्या रकान्यांत महिने आहेत आणि दोन वर्षं शेजारी-शेजारी. प्रत्येक शब्द म्हणजे एक आडवी पट्टी: कधी सुरू होते, कधी संपते. सेगेसची पट्टी पेरणीपासून कापणीपर्यंत. वेर्वाक्तुमची वसंतापासून पेरणीपर्यंत. नोवालिसची दोन्ही वर्षं भरून, आणि वारोच्या अरुंद अर्थाची वेगळी पट्टी तिच्याखाली. पट्ट्या एकमेकींवर चढतात, चढू द्यायच्या. फेब्रुवारीतच हे केलं असतं तर मार्च वाचला असता.

६ एप्रिल

नांगरटीची क्रियापदं लवकर उरकली, कारण आपल्याकडे सगळं आहे. पहिली नांगरट ‘प्रोस्किन्देरे’, शब्दशः फाडणे. दुसरी ‘ओफ्रिंगेरे’, पहिलीने निघालेली ढेकळं मोडणे. उभी-आडवी नांगरट म्हटलं की जोडी जमते. तिसरी ‘लीरारे’: बी आधी फोकायचं, मग फाळाला फळ्या जोडून नांगर फिरवायचा. त्याने बी वरंब्यात झाकलं जातं आणि मधल्या सरीतून पावसाचं पाणी निघून जातं. सरी ‘सुल्कुस’, वरंबा ‘पोर्का’ किंवा ‘लीरा’. सरळ रेघ सोडून भरकटणं ते ‘देलीरारे’, त्यातूनच तापातल्या बडबडीचा डिलिरियम.

अवजारांत फाळ ‘वोमेर’, रुमणं ‘स्तीवा’, हळस ‘तेमो’, जू ‘युगुम’. संस्कृत ‘युग’मधून जू आलं आणि युगुम त्याच घरातलं.

‘स्काम्नुम’ मात्र अडलं. कोशात अर्थ बाकडं. कोलुमेलाच्या शेतात तो नांगऱ्याच्या चोरीचा शब्द आहे: दोन तासांमध्ये न नांगरलेली पट्टी सोडून वरून माती ओढून झाकायची. मालकाने ती पकडायची कशी तेही तो सांगतो, तासांना आडवी ताठ काठी मातीत खुपसत न्यायची. सारखी आत गेली तर काम चोख, अडकली तर खाली न मोडलेली जमीन. मामांना फोन केला. “त्याला न्हाण ठेवलं म्हंत्यात,” ते म्हणाले. शेजारच्या तालुक्यातल्या एकाने वेगळंच सांगितलं. सूचीत साधं लिहिलं: ‘नांगरताना सोडलेली पट्टी’.

१८ एप्रिल

मोजमापं. ‘यूगेरुम’ म्हणजे २४० रोमन फूट लांब, १२० रुंद. आजच्या मापात सुमारे २,५२० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २५ गुंठे. हा आकडा इतका सोयीचा निघाला की दोनदा तपासला. दोन यूगेरुमचं एक ‘हेरेदिउम’, सव्वा एकर धरा. शंभर हेरेदिउमची एक ‘केन्तुरिया’, म्हणजे सुमारे १२५ एकर.

प्लिनी म्हणतो की एका बैलजोडीने दिवसात नांगरून होतं ते यूगेरुम. कोलुमेलाचा हिशेब वेगळा: सोप्या रानात पहिल्या नांगरटीला दोन दिवस, दुसरीला एक, तिसरीला पाऊण, बी झाकायला पाव. एकूण चार. दोघांचा मेळ घालत बसले नाही. नाव जुन्या अंदाजावरून पडलेलं, मजुरीचा हिशेब कोलुमेलाचा. नियोजनासाठी कोलुमेला धरावा.

३० एप्रिल

सरकारी शब्द. इथे मोजणीदारांची भाषा सुरू होते आणि शेतकरी गायब होतो.

‘कोम्पास्कुउस’ गायरानाला चांगलं जुळतं, सामाईक चराई. ‘सुब्सेकीवुम’समोर आधी पोटखराबा लिहिलं होतं, ते खोडलं. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा भाग. सुब्सेकीवुम म्हणजे चौकोनी मोजणीतून काठावर किंवा चौकोनाच्या आत उरलेला, कोणाला न दिलेला तुकडा. जमीन चांगली असू शकते. लोक अर्थातच ती कसत होते. सम्राट दोमितिआनुसने हे तुकडे वहिवाटीवरून जुन्या ताबेदारांनाच देऊन टाकले. अतिक्रमण नियमित करण्याची परंपरा जुनी आहे. सूचीत ‘मोजणीतला उरलेला तुकडा’.

‘रुदिस अगेर’ म्हणजे कधी न कसलेली जमीन. याचा सर्वांत चांगला पुरावा पुस्तकात नाही, ट्युनिशियातल्या शिलालेखात आहे. मेजेर्दा नदीच्या खोऱ्यात ऐन-एल-जेमाला इथे सापडलेल्या लेखात सम्राट हाद्रिआनुसच्या काळचा कायदा आहे, आणि तो न कसलेल्या जमिनींबरोबर सलग दहा वर्षं लागवडीविना राहिलेल्या जमिनीही कसायला घेण्याची मुभा देतो. सातबाऱ्याच्या पीक पाहणीत आपण ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ वेगळी लिहितो. तिथे रेघ दहा वर्षांवर ओढली होती. म्हणून ‘कायम पड’ हा शब्द मी याच ओळीसाठी राखून ठेवला, नोवालिसला दिला नाही. ‘देसेर्तुस’ला ‘सोडून दिलेली’. ती पडीहून वेगळी: मालक किंवा कूळ निघून गेलंय आणि महसूल बुडतोय.

१७ मे

उत्तरकालीन शब्द एका मध्ययुगीन कोशातून उचलून त्याच तक्त्यात मिसळले होते. आठवडाभर ते निवडून बाहेर काढत बसले. मध्ययुगात ‘नोवालिआ’ म्हणजे जंगल तोडून नव्याने लागवडीखाली आणलेली जमीन, आणि तिच्या दशांशावरून, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शावरून, चर्चमध्ये भांडणं. इंग्लंडच्या जमीनदारी दप्तरांत वेर्वाक्तुमचं ‘वारेक्तुम’ झालंय. हे प्लिनीशेजारी ठेवलं की वाचणारा हमखास फसतो. दोन तक्ते, दोन फाइली, मधे दुवा. रोमन सूची सहाव्या शतकात सम्राट युस्तिनिआनुसच्या कायदासंग्रहापाशी थांबवली. तिथे गाइउस या रोमन कायदेपंडिताच्या नावाने नोवालिसची आणखी एक व्याख्या मिळते: मोडलेली जमीन, जी वर्षभर विसावते.

वेर्वाक्तुमची नातवंडं एका ओळीत ठेवली आहेत, स्पॅनिश ‘बार्बेचो’ आणि फ्रेंच ‘गेरे’. इटालियन लोक मात्र मे महिन्यावरून ‘माज्जेझे’ म्हणतात.

२ जून

लेखन ठरवायला नको तितका वेळ गेला. देवनागरीत ऱ्हस्व ए-ओ नाहीत, म्हणून ‘अगेर’मधला ए आणि ‘तेमो’मधला ए सारखेच दिसतात. वर टिंबं, रेघा देऊन पाहिलं. फोनवर सगळे फॉन्ट ते नीट दाखवत नाहीत, एका फॉन्टमध्ये तर चौकोन आले. काढून टाकलं. इ-ई, उ-ऊ तेवढे पाळले. ‘व’चा फायदा असा की अभिजात आणि चर्चचा, दोन्ही उच्चार त्यात मावतात.

छपाई: झेरॉक्स आणि स्पायरल मिळून प्रतीला १४० रुपये. महिन्यांचा तक्ता आडव्या पानावर घ्यावा लागतो. पहिल्या प्रतींत तो उभ्या पानावर आल्याने शेवटचे दोन महिने कापले गेले, त्या प्रती रद्दीत.

९ जून

कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या मैत्रिणीला प्रत दिली. लॅटिन तिला येत नाही, म्हणूनच दिली. कोलुमेलाचा एक उतारा मी मराठीत उतरवला होता आणि लॅटिन शब्द तसेच ठेवले होते. सूची बघत तिला तो समजतो का एवढंच बघायचं होतं. ती दोन ठिकाणी अडली. ‘साल्तुस’ला मी ‘रान’ लिहिलं होतं आणि तिने ते वावर असं वाचलं, कारण सोलापूर-साताऱ्याकडे रान म्हणजे शेतच. कोकणातल्या माणसाने जंगल वाचलं असतं. आता ‘झाडीची चराऊ जमीन’ आणि मोजणीतला दुसरा अर्थ, चार केन्तुरिया, वेगळ्या ओळीत.

दुसरी अडचण तिने काढली ती अजून सुटलेली नाही. कोलुमेला म्हणतो की वेर्वाक्तुम इतकं बारीक करावं की पेरल्यावर ढेकळं फोडायची वेळ येऊ नये. तशी वेळ आली तर रान नीट केलंच नव्हतं असं जुने रोमन म्हणायचे. ती म्हणाली, मग ‘ओक्कारे’समोर (ढेकळं फोडण्याचा शब्द) तू ‘पेरणीनंतर फळी मारणे’ कसं लिहिलंस? आधीची की नंतरची? दोन्ही वापर सापडतात. पट्टी पेरणीच्या दोन्ही बाजूंना पसरवून ठेवली आहे आणि नंतरच्या भागाला राखाडी रंग दिलाय. प्लिनीतले सगळे वापर तपासून झाले की रंग ठरवेन.